मागच्या रांगेतले दात

ब्रह्मा घाट, वाराणसी
८ जुलै २०२५

तीर्थस्वरूप सौ. वहिनींना,
दोन गल्ल्या पलीकडून मालविकाचा नमस्कार.

तुम्ही म्हणाल, हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या जावेने पत्र काय लिहायचं. पण हाक मारायची सोय आपण ठेवलेली नाही, आणि दिवाळी-संक्रांतीला मी फोन केला की तुमच्या कुकरची शिट्टी होते. पत्राला कुकर ऐकू येत नाही. हे संध्याकाळी नेहमीसारखे तुमच्याकडे चहाला येतील, तेव्हा पिशवीत भाजीच्या वर हे पाकीट असेल. भावोजींच्या हाती पडू देऊ नका, ते मोठ्याने वाचून दाखवतात.

भावोजींचा रक्तदाब आता कसा आहे? माझे गुडघे आपल्या जागी आहेत, म्हणजे दुखतात. गंगा चढायला लागलीय. पंचगंगा घाटाच्या खालच्या पायऱ्या बुडाल्या, नाववाल्यांनी नावा वर ओढून बांधल्यात. तुमच्या मंगला गौरीच्या बोळातही चिखल झाला असेल, सांभाळून चाला.

आता खरी बातमी. माझी भाची इरावती आमच्याकडे राहते आणि विद्यापीठात संशोधन करते, एवढं तुम्हाला ठाऊक आहे. काय करते ते ठाऊक नसेल, मलाही नव्हतं. ती सापांचे दात बघते. मी म्हटलं, अगं, एवढं शिकून हेच मिळालं का? तर मला म्हणाली, मावशी, तू एकदा येऊन बघ. तिला शाळेच्या मुलांसाठी प्रदर्शनात लावायला विषारी दाताचं मोठं चित्र हवं होतं, हाताने काढलेलं. मी जन्मभर मुलींना चित्रकला शिकवली, घरी बसून हात आखडले होते. गेले टोटोत, बॅटरीच्या रिक्षात बसून.

वहिनी, काय यंत्र आहे म्हणून सांगू. दवाखान्यातल्या सीटी स्कॅनचं धाकटं भावंड. तिथे माणूस स्वस्थ पडतो आणि यंत्र फिरतं, इथे यंत्र स्वस्थ आणि साप फिरतो. जिवंत नव्हे हो, मेलेल्या सापाचं डोकं. प्लास्टिकच्या नळीत स्पंज कोंबून त्यात ते घट्ट बसवतात, कारण जरा हललं तरी चित्र पुसट येतं. मग दार बंद आणि आत क्ष-किरण. डोकं कणाकणाने फिरत राहतं आणि बऱ्याच वेळाने पडद्यावर काप यायला लागतात, सुरी न लावता घेतलेले काप, केसाहून पातळ. ते एकावर एक रचले की अख्खी कवटी उभी राहते. ती हवी तशी फिरवा, हवं तर दातात शिरा आणि मुळाकडून बाहेर या. मी दुपारभर तेच करत बसले. इरावतीने दोनदा चहा आणून ठेवला, दोन्ही वेळा गार झाला.

मला वाटायचं, नागाचा दात म्हणजे काटा, विष त्याच्यावरून ओघळत असेल. तसं नाही. दात जिऱ्याएवढा, किंचित वाकडा आणि आतून पोकळ. पोकळीही एक नाही, दोन. एक विषाची नळी, आणि तिला खेटून चंद्रकोरीसारखी दुसरी, जिच्यात दाताचा जीव असतो, म्हणजे रक्त आणि नस. मध्ये पातळशी भिंत. विष आणि जीव जन्मभर शेजारी राहतात आणि एकमेकांना भेटत नाहीत. आपल्या दोघींसारखंच की, असं मनात आलं. कोण विष आणि कोण जीव ते तुम्ही ठरवा.

विष टोकातून येत नाही, हेही मला नवीन. टोकाच्या जरा अलीकडे, पुढच्या अंगाला लांबट भोक असतं, इंजेक्शनच्या सुईला असतं तसं. टोकालाच भोक असतं तर टोक लवकर मोडलं असतं. आणि दाताच्या पुढच्या बाजूला उभी, पुसटशी शिवण दिसते. करंजीची कड दुमडून मिटवावी तसा तो दात मिटलेला आहे. मी ती शिवण काढताना तीन कागद फुकट घालवले.

अजून एक नाग तिथे यायचाय. जंगल खात्याने कुणा सँपेऱ्याकडून, म्हणजे गारुड्याकडून, टोपलीसकट जप्त केलेला, मग मेला. त्याच्या चिठ्ठीवर लिहिलंय, 'दात काढलेला'. मी विचारलं, दातच नाहीत तर बघायचं काय? इरावती म्हणाली, बघू तर खरं.

नागपंचमी आली. तुमचा नातू निनाद यंदा पाचाचा झाला, नाही का? असो, त्याबद्दल आज नको.

उत्तर नाही आलं तरी चालेल. चालणार नाही खरं तर, पण सवय आहे.

आपली,
मालविका


ब्रह्मा घाट
१९ जुलै २०२५

तीर्थस्वरूप वहिनी,
नमस्कार. पत्र मिळालं एवढं ह्यांच्याकडून कळलं. काय म्हणाल्या विचारलं, तर म्हणाले, "काही नाही, पिठाच्या डब्याखाली ठेवलं." ह्यांच्याकडून एवढीही माहिती मिळते म्हणजे नशीबच.

आपला श्रावण अजून यायचाय, पण इथल्यांचा सावन सुरू झाला. कावडवाल्यांच्या गर्दीत टोटो मैदागिनच्या पुढे सरकत नाही. तरी मी गेले. दात काढलेल्या नागाचं स्कॅन झालं होतं.

वहिनी, हे पान शांतपणे वाचा. सोबत मी काढलेलं चित्र घडी करून ठेवलंय, ते समोर घ्या.

वरच्या जबड्यात, पुढे, दोन्ही बाजूंना विषारी दाताची जागा असते. प्रत्येक बाजूला एक नव्हे, दोन जागा, लागून लागून. एकीतला दात पडला की शेजारच्या जागेत दुसरा येऊन बसतो. ते झालं पुढचं. मागे, हिरडीच्या आत, आणखी दात रांगेने आडवे पडून वाट बघत असतात. पहिला जवळजवळ पूर्ण, फक्त बूड राहिलेलं. त्याच्या मागचा निम्मा. त्याच्या मागे नुसतं टोक. कारण दात टोकाकडून बनतो, आधी टोक आणि मग मागे बांधकाम. मी हे बघताना हसत होते. आपल्याला म्हातारपणी कवळी बसवावी लागते आणि ह्या प्राण्याला जन्मभर पुरतील एवढे दात मागे तयार. त्याचा दात उंदरात अडकून मोडणारच, म्हणून देवाने ही सोय केली असेल.

मग इरावतीने कवटी उजव्या अंगाला वळवली, आणि माझं हसू गेलं.

डावीकडे पकडीने उपटल्याची जखम होती, हाड जरा चेमटलेलं. उजवीकडेही तशीच जखम. पण उजवीकडे, तिच्या शेजारच्या जागेत, नवा दात येऊन हाडाला चिकटला होता. अख्खा, धारदार, आतून नळी असलेला. विषाची पिशवी जिथल्या तिथे. चिठ्ठीवर मात्र 'दात काढलेला'.

मी विचारलं, जप्त करणाऱ्यांनी तोंड उघडून पाहिलं नसेल का? इरावती म्हणाली, पाहिलं असणार. पण हा दात मांसाच्या खोळीत झाकलेला असतो. नाग चावायला गेला की खोळ मागे सरते, एरवी तोंडात बघणाऱ्याला नुसतं गुलाबी मांस दिसतं. यंत्राला दिसला, कारण यंत्राला मांस आड येत नाही.

आता मला काय म्हणायचंय ते तुम्हाला कळलं असेल. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. आपल्या घरात मुलगा पाचाचा झाला की नागपंचमीला त्याला पाटावर बसवतात, सँपेरा येतो, आणि बाप-आजोबा मिळून नाग त्याच्या खांद्यावर ठेवतात. भावोजींना ठेवला, ह्यांना ठेवला, तुमच्या ऋतुराजला ठेवला. ऋतुराजच्या वेळी मी होते. सँपेऱ्याने काडीने नागाचं तोंड उघडलं आणि म्हणाला, "देखिए माताजी, कुछ नहीं है." आपण सगळ्यांनी वाकून पाहिलं. काही नव्हतं. मीही पाहिलं, आणि मला बरं वाटलं.

कुणाला काही झालं नाही, हे खरं. पण ते आपल्या पूजेमुळे नव्हे, सँपेऱ्याने दात नुकतेच उपटले होते म्हणून. ज्या वर्षी तो जरा आधी उपटील आणि मग विसरेल, त्या वर्षी काय? आणि अजून एक राहवत नाही म्हणून लिहिते. त्या दिवशी आपण चिरत नाही, तळत नाही, चुलीवर तवा ठेवत नाही, पुरणाची दिंडं उकडून खातो, का, तर नागाला इजा होऊ नये. आणि ज्याला हळदकुंकू वाहतो त्याचं तोंड पकडीने फोडलेलं असतं. त्या डावीकडच्या जखमेत हाड सडलं होतं. तो उपाशी मेला असं इरावती म्हणते.

निनादच्या आईला भीती वाटते असं ह्यांच्याकडून कळलं. रुची बोलणार नाही, ती सून आहे. ऋतुराज बापापुढे बोलणार नाही. आमचे हे तर मोठ्या भावापुढे 'पाणी हवं' असंही बोलत नाहीत. राहिल्या तुम्ही.

चित्र नीट बघा. लाल शाईने खूण केलीय तो दात.

मालविका


ब्रह्मा घाट
२८ जुलै २०२५

वहिनी,

तुमचा निरोप ह्यांनी आणला. भावोजी म्हणाले, "मालविकाला म्हणावं, भाचीचं यंत्र भाचीकडे ठेव, आमच्या घरात पिढ्यांची रीत आहे." आणि तुम्ही काय म्हणालात विचारलं, तर हे म्हणाले, "वहिनी पुरण वाटत होत्या." एवढंच. हो नाही, नाही नाही.

मी नऊ दिवस कागद पुढे घेऊन बसतेय. दातांवर मला अजून दहा पानं लिहिता येतील. थुंकणाऱ्या नागाच्या दाताचं भोक गोल असतं, म्हणून त्याचं विष पुढे उडतं. घोणसाचा दात मिटतो, तोंड मिटलं की टाळूला आडवा होतो, चाकूसारखा. सगळं सांगायचंय. पण उद्या नागपंचमी आहे, आणि जे मी लिहीत नाहीय ते दाताबद्दल नाही.

निनादच्या उष्टावणाला मी त्याला मांडीवर घेतला होता. मी शिवलेलं हिरवं अंगडं त्याच्या अंगात होतं. तो माझ्या पदराची किनार चोखत होता आणि मी वेड्यासारखी बघत बसले होते. संध्याकाळी त्याला ताप भरला. तुम्ही मला जिन्यात गाठून हळू आवाजात म्हणालात, "धाकटे, तुझा जीव आहे पोरात, मला कळतं. पण नजर कुणाच्या हातात नसते. काही दिवस येऊ नकोस." तुम्ही ओरडला असता तर मी भांडले असते. तुम्ही मायेने म्हणालात, म्हणून मला काही बोलताच आलं नाही. 'वांझ' हा शब्द तुम्ही उच्चारला नाहीत. गल्लीने उच्चारला. मी घरी आले आणि ते 'काही दिवस' अजून संपलेले नाहीत.

मला राग आला होता, खूप. अजून आहे. पण निनाद शाळेच्या टोटोतून आमच्या गल्लीच्या तोंडाशी उतरतो, तेव्हा मी खिडकीत असते. पडद्यामागून बघते, म्हणजे पुरती नजर पडायला नको. त्याला डावा बूट घालता येत नाही, हे मला माहीत आहे. कुत्र्याला भितो आणि बैलाला भीत नाही, हे माहीत आहे. मूल नसलं म्हणजे काळीज नसतं असं तुम्हाला कुणी सांगितलं?

तर ऐका. मी शास्त्र सांगून पाहिलं, चित्र काढून पाहिलं. तुम्ही पुरण वाटलंत. आता मी तुमच्याच भाषेत बोलते. उद्या सकाळी मी येणार. न बोलावता. चांगलं लुगडं नेसून तुमच्या ओसरीवर पाटासमोर बसणार आणि निनादकडे टक लावून बघत राहणार. ज्या बाईच्या नजरेने पोराला ताप येतो, तिच्या डोळ्यांसमोर तुम्ही त्याच्या खांद्यावर नाग ठेवणार नाही. गल्लीतलं कुणी ठेवूही देणार नाही. लोक म्हणतील, मालविकेने शुभकार्यात विघ्न आणलं. म्हणू देत. नाव गेलेलंच आहे, ते एकदा तरी पोराच्या कामी येऊ दे.

मिरच्या-मोहऱ्या तयार ठेवा. मी गेल्यावर हव्या तेवढ्या जाळा.

मालविका


मंगला गौरी
३० जुलै २०२५

चि. सौ. मालविका हीस,

मला पत्र लिहायची सवय नाही, तुझ्यासारखं अक्षरही नाही. हे पत्र शरदभावोजींच्या पिशवीत टाकायचं नाही, मी माझ्या हाताने पाठवतेय, कुणाबरोबर ते खाली लिहिलंय.

तुझी तिन्ही पत्रं वाचली. चित्र तर कितीदा पाहिलं. पहिल्या पत्रात विष आणि जीव लिहिलंस, तेव्हा मला राग आला आणि हसूही आलं. दुसरं आलं तेव्हा मी ह्यांना चित्र दाखवलं. ह्यांनी चष्मा न लावता पाहिलं आणि म्हणाले, हे काय, वांगं आहे का. मग मी गप्प बसले. मी या घरात आल्यापासून ह्यांनी एकदा नाही म्हटलं की नाहीच. माझ्या हातात निमित्त नव्हतं गं. यंत्रातला दात कोण मानणार? रुची रोज रात्री रडत होती आणि मी तिला म्हणत होते, 'कुछ नहीं होगा'.

काल तू आलीस. जांभळं लुगडं नेसून आलीस आणि पाटासमोर बसलीस. सँपेरा टोपली घेऊन आला होता, ह्यांचा संकल्प चालू होता, निनाद पीतांबर सावरत बसला होता. मी तुझ्याकडे बघत होते. तू लिहिलं होतंस, टक लावून बघणार. तू कुठे बघितलंस? तू मान खाली घालून बसली होतीस, डोळे घट्ट मिटून. निनादने 'ही कोण' म्हणून विचारलं, तरी तू डोळे उघडले नाहीस. मला तेव्हा कळलं. तुझी तुलाच खात्री नव्हती. नजर खरंच लागत असेल तर पोराला लागू नये, म्हणून. एवढं शिकलेली तू, दाताच्या आत शिरून आलेली, आणि आम्ही तुझ्या मनात काय भरून ठेवलंय बघ.

मी मोठ्याने म्हणाले, "धाकटी समोर आहे, आज नाग नको." हे संतापले. मी म्हणाले, "नाही म्हणजे नाही." बायका म्हणाल्या, "अच्छा किया भाभी, नजर का मामला है." सँपेरा शिधा घेऊन गेला. मग पाटावर चंदनाने नाग काढून निनादला त्याच्यावर लाह्या वाहायला लावल्या. तू तोवर निघून गेली होतीस. ह्यांनी दिंडांना हात लावला नाही, आज सकाळी मात्र मागून खाल्ली.

सगळी गल्ली आता तुझ्या नावाने बोलतेय. पोर वाचलं ते माझ्या नावाने आणि विघ्न आलं ते तुझ्या, असं झालं. आज पाण्याच्या नळावर एकीने तेच सुरू केलं. मी तिला म्हणाले, माझ्या जावेने माझा नातू वाचवलाय, पुन्हा बोललीस तर माझ्या दारात यायचं नाही. उद्या दुसरी बोलेल, तिलाही सांगेन. माझं वय झालंय, पण तोंड शाबूत आहे.

निनादने तुझं चित्र पाहिलं. मी डब्याखालून काढलं, तेव्हा तो शेजारीच होता. तेव्हापासून डोकं खातोय. नागाला नवा दात येताना दुखतं का? मागचा दात पुढे कसा जातो, त्याला पाय असतात का? विष त्याच्याच तोंडात असतं तर त्याला बाधत कसं नाही? मला ह्यातलं काही येत नाही. मी म्हटलं, ज्यांनी काढलं त्यांना विचार. म्हणाला, कुठे राहतात? दोन गल्ल्या पलीकडे, मी म्हटलं. म्हणाला, मग आपण कधी गेलो का नाही?

उद्या शाळा सुटली की तो तुझ्याकडे येईल. हे पत्र त्याच्याच दप्तरात असेल. मी बरोबर येणार नाही, रुचीही नाही. तो एकटाच येईल आणि त्याचं विचारून संपेपर्यंत राहील. त्याला जेवू घाल. डावा बूट तूच घालून दे. त्याला मांडीवर घेऊन तोंड भरून बघ, डोळे उघडे ठेवून.

तो घरी आला की मी त्याची दृष्ट काढणार नाही.

तुझी थोरली जाऊ,
सुमेधा